हत्तिणीचा गिअरबॉक्स

लंडनच्या एजवेअर भागात कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला?’ मराठी माणूस, चाळिशीचा, इंग्लंडात स्थायिक झालेला, म्हणजे डॉक्टरच असणार! मी म्हणायचो, ‘मी बेसिंगस्टोकला. पण आमचे पेशंट चाकांवर येतात, आणि बरेचदा दुसऱ्या गाडीला बांधून.’ मग यजमानांची नजर माझ्या नखांकडे जायची. लिंबू, साखर, वॉशिंग-अप लिक्विड, सगळं घासून झालं तरी नखांच्या कडांचं काळं हटायचं नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मला आधी ती नखंच आठवली. निवृत्त झाल्यापासून ती स्वच्छ झालीत, आणि खरं सांगतो, मला ती बघवत नाहीत.

मी गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करायचो. तेही फक्त ऑटोमॅटिक. कोल्हापूरला मामाच्या गॅरेजमध्ये ट्रकचे साधे गिअर शिकलो होतो. ते म्हणजे दणकट दाताला दणकट दात. इथे आलो आणि रॉनच्या वर्कशॉपला लागलो. रॉन आमचा मालक. बेसिंगस्टोकच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याची शेड होती. जुन्या अमेरिकन मोटरहोम्सचे गिअरबॉक्स ही आमची खासियत. मोटरहोम म्हणजे बिछाना, शेगडी, संडाससकट चालणारं घर. ऐंशीच्या दशकात इथल्या रिटायर्ड मंडळींना त्यांचं भारी वेड. वीस-वीस वर्षं जुनी, पाच-पाच टनांची धुडं, आणि ती घेऊन ही मंडळी निघायची डेव्हन नाहीतर वेल्सच्या डोंगरात, जिथे रस्ता दोन झुडपांमधून जातो आणि चढ अंगावर येतो.

ऑटोमॅटिकचं गुपित थोडक्यात सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. आमच्या डब्यात वाऱ्याऐवजी लालभडक तेल असतं. एका पंख्याला इंजिन फिरवतं, दुसरा चाकांना फिरवतो, मध्ये नुसतं तेल. सपाट रस्त्यावर लोण्यासारखं काम. पण पाच टनांचं घर डोंगर चढायला लागलं की पहिला पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, दुसरा मागे राहतो, आणि फरक सगळा तेलाच्या डोक्यात जातो. तेल तापतं, करपतं. करपलेल्या तेलाचा वास एकदा घेतलात की जन्मात विसरणार नाही. मी गिऱ्हाइकाचं ऐकायच्या आधी डिपस्टिक बाहेर काढून हुंगायचो.

उपाय साधा. चढ लागायच्या आधी आपल्या हाताने दांडा खालच्या गिअरमध्ये ओढायचा. पण हे लोकांना पटवताना माझी जीभ झिजली. ‘मिस्टर माने, इट्स ॲन ऑटोमॅटिक!’ अरे बाबा, ऑटोमॅटिक आहे, अंतर्ज्ञानी नाही. पुढे डोंगर आहे हे तुला काचेतून दिसतं, त्याला डब्यात बसून काय दिसणार?

एक रिटायर्ड पाद्रीबाबा होते. देवमाणूस. दर दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्स जाळून यायचे. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी गाडीत चढून सगळी कपाटं उघडली. आत दगड! इंग्लंडच्या प्रत्येक किनाऱ्यावरून वेचलेले शंखशिंपल्यांचे ठसे असलेले दगड, वर्तमानपत्रात गुंडाळून, नावगाव लिहून. मी म्हटलं, ‘फादर, हे वजन जीव घेतंय गाडीचा.’ ते काकुळतीला येऊन म्हणाले, ‘पण मिस्टर माने, मी लहान लहानच तर उचलतो!’ त्यांच्याकडे बघून रागवायची सोय नव्हती. मी तेल थंड करणारा जास्तीचा कूलर बसवून दिला आणि दगडांपुढे हात टेकले.

पण मला लिहायचंय ते हत्तिणीबद्दल.

डॉक्टर बर्वे एजवेअरला राहायचे, भूल देणारे डॉक्टर. माणूस हळू बोलणारा, जपून चालणारा, चहासुद्धा तीनदा फुंकून पिणारा. एका नोव्हेंबरात ते आमच्या शेडमध्ये एक क्रीम रंगाचं प्रचंड अमेरिकन मोटरहोम रडतखडत घेऊन आले. मी डिपस्टिक काढली, हुंगली आणि म्हटलं, ‘डॉक्टर, मर्तिकाला आणलंत की उपचाराला?’

‘उपचाराला,’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘आणि मानेसाहेब, एप्रिलपर्यंत ती उभी राहायलाच हवी.’

मी म्हटलं, एवढी घाई कशाची? तेवढ्यात आतून आवाज आला, ‘घाई मला आहे, भावजी!’

आत मागच्या खिडकीपाशी बिछान्यावर नलिनीवहिनी बसल्या होत्या. मल्टिपल स्क्लेरॉसिस. पायातली शक्ती गेलेली, हातातली जायला लागलेली. साध्या गाडीत अर्धा तासही बसवत नसे, म्हणून आडवं होता येईल असं हे धूड डॉक्टरांनी शोधून आणलं होतं. वहिनी मूळच्या पुण्याच्या, भूगोलाच्या शिक्षिका. लग्नाआधी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर.

‘हे मला सपाट रस्त्याने नेतात,’ त्या म्हणाल्या. ‘मोटरवे, सर्व्हिस स्टेशन, कार पार्क. मला डोंगर बघायचेत. खालून नाही, वरून. माझे गुडघे आता हिच्या पोटात आहेत, ते नीट करा. दरवर्षी थोडी थोडी संपतेय मी. अजून किती उन्हाळे खिडकीतून मान वळवता येईल, सांगता येत नाही.’

डॉक्टर खाली बघत होते. मी नखं पुसत राहिलो. गिऱ्हाइकाने इतकं सरळ मला कधी सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात बर्वे दांपत्य दोनदा-तीनदा शेडमध्ये आलं. रॉन स्वतः फळी लावून वहिनींची व्हीलचेअर आत घ्यायचा, हीटर त्यांच्याकडे वळवायचा. वहिनींना सगळं समजून घ्यायचं असे. हा पंखा कुठला, तो क्लच कशासाठी, तेल कुठून कुठे जातं. मी म्हटलं, ‘वहिनी, डॉक्टरांना एकच गोष्ट शिकवा. चढाआधी दांडा खाली. ते विसरतात.’ कारण चाचणीच्या फेरीत बघितलं होतं, डॉक्टर रस्त्यात इतके गुंतत की हात दांड्यावर जायचाच नाही. वहिनींनी विचारलं, ‘वेळ कधीची, ते कसं ओळखायचं?’ मी त्यांना इंजिनचा आवाज ऐकायला शिकवला. सूर जड होतो, घशात आल्यासारखा. तो पुरता जड व्हायच्या आधी सांगायचं. ‘काय सांगू?’ ‘सांगा, आता.’ त्यांनी डोळे मिटून दोनदा म्हणून बघितलं, ‘आता. आता.’

फेब्रुवारीत त्या एक पिशवी घेऊन आल्या. आत सुती साड्यांचे नीट कापलेले चौकोन. त्यांच्या माहेरच्या साड्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. सगळ्यात वरचे चौकोन मोरपंखी इरकलीचे.

‘नेसवत नाहीत आता,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्याच्या हातून नेसायला मला आवडत नाही. याच खोचून राजगड-तोरणा चढलेय मी. टाकवत नाहीत. तुम्हाला पुसायला होतील ना?’

आता नीट ऐका. आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिअरबॉक्सच्या मेंदूला, म्हणजे ज्या चक्रव्यूहातून तेल फिरतं त्या भागाला, कापड लावायचं नाही. कागदी रोल वापरायचा, नाहीतर हवेने सुकवायचं. आतले छोटे दट्टे केसाहून बारीक फटीत सरकतात. सुताचा एक धागा पुरतो. हा नियम मीच दहा वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. पण आपल्या घरी फडकं म्हणजे जुनं मऊ सूतच, फडकं कोणी विकत आणतं का? आणि त्या बाईने आपले गड कापून माझ्या हातात दिले होते. त्यांनी मी टायर पुसू? मी हट्टाने त्याच गिअरबॉक्सला वापरले. अगदी शेवटची पुसणी मोरपंखी चौकोनाने केली, देवाची मूर्ती पुसावी तशी. चुकलो, आणि चुकतोय हे हाताला माहीत होतं. मनाने हाताला गप्प केलं.

एप्रिलमध्ये हत्तीण निघाली. मोटरहोमला हे नाव वहिनींनीच दिलेलं. पहिल्या फेरीला मेंडिप्सच्या टेकड्या, दुसऱ्या फेरीला वेल्सची सीमा. वहिनींचं पोस्टकार्ड आलं, वेडंवाकडं अक्षर, ‘गुडघे झकास!’ मी ते शेडमध्ये किटलीच्या वर चिकटवलं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. एक्समूरच्या डोंगरावर गेले होते. चढण मजेत चढली. वर थांबले, समुद्र बघितला, जेवले. उतरताना डॉक्टरांनी मी सांगितल्याप्रमाणे दांडा खाली ओढला, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. गिअरबॉक्सने ऐकलंच नाही. पाच टनांचं घर उतारावर मोकळं सुटलं, सगळा भार ब्रेकवर, ब्रेकमधून धूर, ब्रेक दाबून दाबून पाय तळाला टेकला. तिथल्या उतारांवर ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला खडीने भरलेली वाट ठेवलेली असते. डॉक्टरांनी हत्तीण तिच्यात घातली. ती चाकं बुडेपर्यंत रुतली आणि थांबली. वहिनी बिछान्यावर पट्ट्याने बांधलेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मी आणि रॉन रिकव्हरी ट्रक घेऊन पोचलो तेव्हा वहिनी खडीच्या कडेला व्हीलचेअरवर, अंगावर ब्लँकेट. डॉक्टर त्यांच्या शेजारी उभे, ब्लँकेटची कड पुन्हा पुन्हा खोचत होते.

‘पुरे झालं, माने,’ ते म्हणाले. नावापुढचं ‘साहेब’ गळालं होतं. ‘विकतो मी ही. माझी चूक. इतकी जुनी, इतकी जड गाडी या डोंगरांत आणायलाच नको होती.’

वहिनी मान वळवून डोंगराकडे बघत राहिल्या. त्यांचं ते बघणं मला धुरापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गिअरबॉक्स उतरवला. गव्हर्नर नावाचा एक भाग असतो, अंगठ्याएवढा. गाडीचा वेग किती आहे ते तो बाकीच्या डब्याला सांगतो. वेग जास्त असला तर डबा खालचा गिअर घेत नाही, स्वतःचे दात वाचवायला. आमचा गव्हर्नर ‘वेग जास्त’ या जागी अडकून बसला होता. आतला दट्ट्या चिमट्याने बाहेर काढला. त्याला एक धागा गुंडाळलेला. करवंदासारखा काळपट झाला होता, पण पेट्रोलमध्ये बुडवला तसा रंग वर आला. मोरपंखी.

मी बाकावर बसलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

रॉनने बघितलं. त्याने धागा पाहिला, पिशवी पाहिली. थोड्या वेळाने चहा आणून ठेवला आणि त्याच्या इंग्रजीत म्हणाला, ‘माने, साफ कर, बसव. जुनं धूड, पाच टन, डोंगर, सगळ्यांना कारण पटलंय. कोण विचारणार आहे?’

वाईट माणूस नव्हता तो. शेड त्याची, नाव त्याचं, आणि मला वाचवावं असंही त्याला वाटत होतं. मलाही क्षणभर बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण मी गप्प बसलो तर दोष हत्तिणीचा. दोष हत्तिणीचा तर ती विकली जाणार. आणि ती विकली गेली की वहिनी उरलेले उन्हाळे एजवेअरच्या पुढच्या खोलीत, समोरच्या घराचं कुंपण बघत. माझं नाव साफ राहण्यासाठी त्यांचे डोंगर जाणार होते. मी रॉनला म्हटलं, ‘रविवारी मी जाऊन सांगून येतो.’ रॉनने मान हलवली. ‘यू डाफ्ट सॉड,’ म्हणजे ‘वेड्या लेका’, असं म्हणाला, आणि माझ्यासाठी त्याच्या गाडीची किल्ली ठेवली, कारण माझी स्वतःची गाडी नेहमीप्रमाणे बंद होती.

रविवारी सकाळी एजवेअरला गेलो. डॉक्टरांनी पोहे केले होते, मीठ विसरले होते. म्हणाले, ‘बरं झालं आलात. इल्फर्डचा एकजण मंगळवारी गाडी बघायला येतोय. तुम्ही तोवर गिअरबॉक्स परत चढवाल का?’

मी ताटली खाली ठेवली. ‘डॉक्टर, गाडीत काही दोष नाही. दोष माझा. कापड लावू नये तिथे मी कापड लावलं. धागा आत राहिला. तुमच्या दोघांचा जीव माझ्यामुळे जाणार होता.’

डॉक्टरांनी माझी ताटली उचलून बाजूला ठेवली. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, ‘आमच्याकडे पोट शिवण्याआधी सिस्टर कापडाचे बोळे मोजते. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. एक कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, टाका घालू देत नाही. तुम्ही मोजत नाही?’

‘नाही.’

‘का नाही?’ ते एकदम ओरडले. त्या माणसाला मी ओरडताना पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. ‘ती मागे बांधलेली होती, माने! तिला उडीसुद्धा मारता आली नसती!’

मी हात जोडले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, कुठल्या रंगाचा होता धागा?’

हे मी सांगणार नव्हतो. कापड म्हटलं होतं, साडी म्हटलं नव्हतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलवेना. ‘मोरपंखी,’ मी म्हटलं.

मग वहिनी हसायला लागल्या. आधी खांदे, मग सगळं अंग. ‘अगं बाई! माझी इरकल! तिला गडांची सवय ना, ती कशाला खाली उतरू देतेय!’ हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हात डोळ्यांपर्यंत उचलवत नव्हता म्हणून डॉक्टरांनी ते पुसलं.

‘अहो,’ त्या डॉक्टरांना म्हणाल्या, ‘इल्फर्डवाल्याला नाही म्हणून सांगा.’

‘नलू, तू मेली असतीस.’

‘मरेन की. या पुढच्या खोलीत मेले तर तुम्हाला बरं वाटेल का? गाडी चांगली आहे. चूक यांची होती, आणि ते आपल्या पायांनी येऊन सांगतायत. असा मेकॅनिक तुम्हाला दुसरा मिळेल?’

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. पाठ आमच्याकडे. तिथूनच म्हणाले, ‘एका अटीवर. त्याच डोंगरावर पहिल्यांदा जाताना माने गाडीत बसतील. आणि उतरताना सगळ्यात पुढे बसतील.’

‘बोनेटवर बांधा,’ मी म्हटलं. तेव्हा कुठे ते वळले.

त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. बाकावर किती कागद, किती चिमटे, किती बोल्ट, सगळं फळ्यावर खडूने लिहायचं, झाकण बंद करण्याआधी ताळा करायचा. रॉन आधी हसला, मग त्यानेही सुरू केलं. साड्यांचे उरलेले चौकोन मी घरी नेले. माझ्या बायकोने त्यांची गोधडी शिवली आणि वहिनींना नेऊन दिली. ती हत्तिणीच्या बिछान्यावर असायची.

सप्टेंबरात त्याच डोंगरावर गेलो. मी पुढे, दांड्यावर नजर. चढ सुरू झाला तसा मागून वहिनींचा स्वच्छ आवाज आला, ‘आता.’ डॉक्टरांनी दांडा ओढला, हत्तिणीने हुंकार दिला आणि चढायला लागली. उतारावर पुन्हा ‘आता’, आणि गाडी इंजिनच्या हातात शहाण्यासारखी उतरली. खाली पोचल्यावर डॉक्टर खडीच्या वाटेकडे न बघता पुढे गेले. मी मात्र बघितलं.

त्यानंतर वहिनींना सात उन्हाळे मिळाले. वेल्स झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, स्कॉटलंडसुद्धा झालं. हत्तिणीचा गिअरबॉक्स मी पुन्हा खोलला नाही, गरजच पडली नाही. लोक मला विचारायचे, एवढं जुनं धूड, एवढे डोंगर, टिकतं कसं? मी कूलर सांगायचो, तेल सांगायचो. खरं कारण मागच्या बिछान्यावर बसून आवाज ऐकत असायचं. शेवटच्या दोन वर्षांत वहिनींचं बोलणं फार कमी झालं, जीभ जड झाली. जेवण, औषध, कशालाही शब्द फुटत नसे. डॉक्टर सांगायचे, चढावर तेवढा एक शब्द यायचा. उशिरा कधी आला नाही.

त्या गेल्या तेव्हा थंडी होती. वसंत ऋतूत डॉक्टरांचा फोन आला. ‘हत्तीण विकायचीय, मानेसाहेब. त्याआधी एकदा तिकडे जाऊन येऊ?’

आम्ही दोघंच गेलो. मागचा बिछाना आवरलेला, वर ती गोधडी घडी घातलेली. रस्ताभर डॉक्टर हवापाण्याचं बोलले. डोंगराचा पायथा आला, पहिलं वळण आलं आणि चढ लागला. इंजिनचा सूर बदलला. डॉक्टरांचा हात दांड्यावर होता, पण हलत नव्हता. सूर जड झाला, घशात आला. सत्तर पावलांवर पुढचं वळण. तेल तापत असणार, मला वास यायला लागला. डॉक्टर समोर बघत होते, हात दांड्यावर तसाच, आणि कान मागे.

मला कळलं ते कशाची वाट बघतायत.

घसा साफ करून मी म्हटलं, ‘आता.’